डाय फुटली म्हणून लगेच कोबाल्ट वाढवू नका: टंगस्टन कार्बाइडचा चिवटपणा वाढवण्याची पायरीवार पद्धत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काय किंवा रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यात काय, बोल्टच्या हेडिंगची (डोकं घडवण्याची) किंवा प्रेसची कार्बाइड डाय, म्हणजे साचा, फुटली की पहिला उपाय ठरलेला असतो. १० टक्के कोबाल्टची फुटली ना, मग १५ ची लावा. कधी कधी तो लागूही पडतो. पण पुष्कळदा नवी डाय फुटत नाही, झिजते, आणि महिन्याभरात माप सुटतं. मग परत १२ टक्के, परत तडा. पैसा जातो आणि मूळ कारण तसंच राहतं.

टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट ही सिरॅमिक-धातू जोडी १९२० च्या दशकात जर्मनीत जन्मली. क्रुप या कंपनीने तिला दिलेलं 'विडिया' हे नाव, म्हणजे 'हिऱ्यासारखा', आपल्याकडे अजून कामगारांच्या तोंडी आहे. हिऱ्यासारखेपणा कार्बाइडच्या दाण्यांकडे, चिवटपणा त्यांच्यामधल्या कोबाल्टच्या पातळ थरांकडे. तडा दाण्यातून किंवा दाण्याच्या कडेने धावत येतो, कोबाल्टशी अडतो, तिथे कोबाल्ट ताणला जातो आणि तड्याची ताकद खातो. हा ताणला जाणारा थर जाड हवा, सलग हवा आणि स्वच्छ हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन गोष्टींसाठी आहेत.

पायरी १: फुटलेला तुकडा फेकू नका, वाचा

तुकडे भंगारवाल्याकडे जाण्याआधी एक दिवस स्वतःकडे ठेवा. रॉकेल किंवा अॅसिटोनने धुऊन १० ते ४० पट मोठं दाखवणाऱ्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली तिरक्या उजेडात बघा. फुटलेल्या पृष्ठभागावरच्या रेघा पंख्यासारख्या एका बिंदूकडे जातात. तो बिंदू म्हणजे तड्याचं जन्मस्थान.

जन्मस्थान आतमध्ये असेल आणि तिथे खड्डा, काळा ठिपका किंवा चमकणारा मोठा दाणा दिसला, तर दोष पावडर, प्रेस किंवा भट्टीचा. ते पृष्ठभागावर असेल आणि तिथे घासल्याची रेघ किंवा स्पार्क मशिनिंगचा (विजेच्या ठिणगीने कापण्याचा) करडा थर असेल, तर दोष मशिनिंगचा. ते कोपऱ्यात असेल तर ड्रॉइंग तपासा, कोपऱ्याला त्रिज्या दिली आहे का? बोअरमध्ये, म्हणजे मधल्या भोकात, उभे तडे असतील तर बाहेरचं स्टीलचं केसिंग सैल आहे. काहीच दोष दिसत नसेल, पृष्ठभाग सगळीकडे सारखा असेल, तेव्हाच 'ग्रेड कमी चिवट आहे' असं म्हणायचा अधिकार मिळतो.

ऑप्टिकलखाली कारण कळत नसेल तर एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची तपासणी, करून घ्या. पवईच्या आयआयटीतल्या सैफ या केंद्रात बाहेरच्या उद्योगांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासतात. तुकडा १० ते १५ मिमीचा कापून द्या, जन्मस्थानावर मार्करने बाण काढा आणि फुटलेल्या भागाला हात लावू नका.

पायरी २: चिवटपणा मोजा, अंदाज नको

अनेक ठिकाणी टीआरएस, म्हणजे तीन टेकूंवर वाकवून मोडायची ताकद, हाच चिवटपणा समजला जातो. टीआरएस मुख्यतः सगळ्यात मोठ्या दोषावर ठरतं. एकाच लॉटच्या १० पट्ट्यांत एक २८०० आणि दुसरी १९०० मेगापास्कलला मोडली, तर पदार्थाचा चिवटपणा बदललेला नाही, दुसरीत खड्डा आहे. म्हणून टीआरएसची सरासरी बघण्याआधी फैलाव बघावा.

तडा रोखण्याची खरी ताकद छोट्या कारखान्यात मोजायची सोपी पद्धत पामक्विस्टची, आयएसओ २८०७९ प्रमाणे. कठीणपणा मोजायच्या विकर्स मशीनवर ३० किलो भाराने ठसा उमटवायचा आणि त्याच्या चार कोपऱ्यांतून निघालेल्या तड्यांची लांबी मोजून बेरीज करायची. सूत्र असं: चिवटपणा = ०.००२८ × √कठीणपणा × √(भार ÷ तड्यांची एकूण लांबी). कठीणपणा न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये, भार न्यूटनमध्ये, लांबी मिमीमध्ये. उत्तर मेगापास्कल √मीटरमध्ये येतं.

समजा एचव्ही ३०, म्हणजे ३० किलोला मोजलेला विकर्स कठीणपणा, आला १४००. त्याला ९.८०७ ने गुणलं की १३,७३०, वर्गमूळ ११७.२. भार २९४ न्यूटन. चार तड्यांची बेरीज ०.२० मिमी असेल तर उत्तर साधारण १२.६, तीच बेरीज ०.४० मिमी असेल तर ८.९. कठीणपणा तोच, पण एक ब्लँक (डाय घडवण्याआधीचा कार्बाइडचा ठोकळा) हेडिंगला चालेल आणि दुसरा पहिल्याच शिफ्टमध्ये जाईल. नुसता कठीणपणा तपासून माल स्वीकारणारे इथेच फसतात.

यात एक मेख आहे. घासलेल्या पृष्ठभागावर दाबाचा ताण साठलेला असतो, त्यामुळे तडे आखूड निघतात आणि ब्लँक आहे त्यापेक्षा चिवट वाटतो. म्हणून आधी ०.१ ते ०.२ मिमी थर हलक्या हाताने काढा, मग ९, ३ आणि १ मायक्रॉनच्या डायमंड पेस्टने आरसा करा. २० टक्के कोबाल्टच्या चिवट ग्रेडमध्ये ३० किलोला तडेच पडत नाहीत. तिथे भार वाढवावा लागतो किंवा ही चाचणी सोडावी लागते.

पायरी ३: कोबाल्ट आणि दाणा यांचा सौदा

कोबाल्ट वजनाने मोजतात, पण काम आकारमानाने होतं. वजनाने ६ टक्के म्हणजे आकारमानाने सुमारे १०, १० म्हणजे १६, १५ म्हणजे २४ टक्के. दीड-दोन मायक्रॉनच्या मध्यम दाण्यात साधारण असं चित्र असतं: ६ टक्क्यांना कठीणपणा १५५० ते १६०० आणि चिवटपणा १० च्या आसपास, १० टक्क्यांना १३५० ते १४०० आणि १२ ते १३, १५ टक्क्यांना ११५० ते १२०० आणि १५ ते १७.

दुसरा हात म्हणजे दाणा. कोबाल्ट तेवढाच ठेवून दाणा मोठा केला की दाण्यांची संख्या घटते, मधले थर जाड होतात, चिवटपणा वाढतो. दगड फोडणाऱ्या ड्रिलच्या कार्बाइड बटनांत ६ ते १० टक्केच कोबाल्ट असूनही ती टिकतात, कारण दाणा जाड असतो. सतत धक्के आणि जोडीला घासणी असेल तर कोबाल्ट वाढवण्याआधी दाणा १.५ वरून ३ मायक्रॉनवर नेऊन बघा; झीज त्या मानाने कमी वाढते. पण धार बारीक हवी असेल, पातळ पंच असेल, तर हा मार्ग बंद. जाड दाणा धारेवरून उपटला जातो.

दाणा वाढू नये म्हणून घालायचं व्हॅनेडियम कार्बाइड चिवट ग्रेडमध्ये नकोच. ते दाणा आणि कोबाल्टच्या सीमेवर जमतं आणि ती सीमा ठिसूळ करतं. बारीक दाणा हवाच असेल तर क्रोमियम कार्बाइड बरं, तेही कोबाल्टच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत. म्हणजे १० टक्के कोबाल्टच्या मिश्रणात ०.५ टक्का ही वरची हद्द.

पायरी ४: कार्बन, आणि पावसाळा

बहुतेक न उलगडलेल्या फुटी या पायरीवर उलगडतात, म्हणून इथे जरा थांबू.

शुद्ध टंगस्टन कार्बाइडमध्ये कार्बन ६.१३ टक्के. त्यात १० टक्के कोबाल्ट मिसळला की मिश्रणात ५.५२ टक्के. यापेक्षा कार्बन थोडा वर गेला की सुटा ग्राफाइट दिसू लागतो, काळे ठिपके. ०.१५ टक्क्याच्या आसपास खाली गेला की 'ईटा' नावाचं टंगस्टन-कोबाल्ट-कार्बनचं संयुग तयार होतं. ग्राफाइट वाईट, पण ईटा त्याहून वाईट: ते स्वतः काचेसारखं ठिसूळ, आणि तयार होताना आपला कोबाल्ट गिळून टाकतं. कागदावर १० टक्के कोबाल्ट, प्रत्यक्षात तडा अडवायला त्याहून बराच कमी.

आता ऑक्सिजनचा हिशोब. भट्टीत पावडरमधला ऑक्सिजन कार्बन घेऊन कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. १ ग्रॅम ऑक्सिजन ०.७५ ग्रॅम कार्बन नेतो. मिश्रणात ०.२ टक्का ऑक्सिजन असेल तर ०.१५ टक्का कार्बन गेला, म्हणजे सगळी सुरक्षित पट्टी संपली. आणि जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या या पट्ट्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असताना उघडी ठेवलेली बारीक कोबाल्ट पावडर ऑक्सिजन घेतच असते. एप्रिलमध्ये उत्तम चाललेला ग्रेड श्रावणात फुटायला लागला तर ऑपरेटरला दोष देण्याआधी पावडरचा ड्रम कुठे ठेवला होता ते विचारा.

करायचं ते असं. ड्रम उघडला की उरलेली पावडर आर्गॉन भरून सीलबंद पिशवीत, आत सिलिका जेल. वजन करायची खोली एसी आणि डीह्युमिडिफायर लावून ५० टक्के आर्द्रतेखाली. दाबलेली पावडर धरून ठेवायला मेणाऐवजी पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) वापरत असाल तर पावसाळ्यात तयार पावडर चोवीस तासांच्या आत दाबा. पीईजी ओलावा ओढतं, मेण फारसं ओढत नाही. आणि नव्या लॉटची पूर्ण भट्टी लावण्याआधी ४-५ नमुने नेहमीच्या हीटमध्ये (भट्टीच्या फेरीत) ठेवून चुंबकीय संपृक्तता मोजा.

ही मोजणी कार्बनचा आरसा आहे. कार्बन कमी असला की कोबाल्टमध्ये टंगस्टन जास्त विरघळतं आणि चुंबकीयपणा घटतो. १० टक्के कोबाल्टच्या मालात वाचन ८.५ ते ९.३ टक्के आलं तर चिवटपणासाठी उत्तम. ७.५ च्या खाली ईटाचा संशय, १० ला टेकलं तर ग्राफाइटचा. ८ च्या आसपासचा माल नियमात बसतो, पण त्यातला कोबाल्ट टंगस्टनमुळे कडक झालेला असतो. धक्का खाणाऱ्या डायला वरचा अर्धा पट्टाच मागा.

दुरुस्ती सोपी आहे. २० किलोच्या बॅचमध्ये कार्बन ०.०५ टक्का वाढवायचा तर १० ग्रॅम कार्बन ब्लॅक. तेवढाच कमी करायचा तर सुमारे १५० ग्रॅम टंगस्टन पावडर, कारण १ ग्रॅम टंगस्टन कार्बाइड होताना ०.०६५ ग्रॅम कार्बन ओढतं. दोन्ही मिलिंगच्या सुरुवातीलाच घाला. शेवटी टाकलेला कार्बन ब्लॅक गुठळ्या करतो आणि भट्टीतून खड्डे होऊन बाहेर येतो.

ईटाची खात्री डोळ्यांनी करायची तर मुराकामी द्रावण: १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड आणि १० ग्रॅम कॉस्टिक पोटॅश. पॉलिश केलेल्या नमुन्यावर २ ते १० सेकंद ठेवलं की ईटा आधी रंगतो, कार्बाइडचे दाणे उठायला काही मिनिटं लागतात. हे द्रावण आम्लात कधीही ओतू नका, विषारी सायनाइड वायू सुटू शकतो.

पायरी ५: मिलिंग आणि दाब

बॉल मिलला बॉल कार्बाइडचेच, पावडरच्या वजनाच्या तीन ते पाच पट. स्टीलच्या बॉलचं लोखंड मिश्रणात उतरतं. मध्यम दाण्याला साधारण ३६ ते ४८ तास, जाड दाण्याला त्याच्या निम्म्याहून कमी, नाहीतर मुद्दाम विकत घेतलेला जाड दाणा तुम्हीच फोडून टाकाल. कमी मिलिंग झालं तर कोबाल्ट नीट पसरत नाही. एकीकडे कोबाल्टची तळी, दुसरीकडे दाण्याला दाणा चिकटलेला. अति झालं तर खूप बारीक चुरा होतो, तो भट्टीत विरघळून मोठ्या दाण्यांवर जमतो आणि २०-३० मायक्रॉनचा एखादा राक्षसी दाणा तयार होतो. पहिल्या पायरीत दिसलेला चमकणारा दाणा तो हाच.

मेण १.५ ते २ टक्के. दाब १२० ते १८० मेगापास्कल. दाबलेल्या जॉबची घनता ८ ते ८.५ ग्रॅम प्रति घन सेंमीच्या दरम्यान हवी, ८.२ ला दाबलेला १० टक्क्यांचा जॉब भट्टीनंतर लांबीत सुमारे १८ टक्के आकसतो. स्प्रे ड्रायरच्या गोळ्या कडक झाल्या असतील तर दाबाखाली फुटत नाहीत, त्यांच्या मधल्या पोकळ्या तशाच राहतात. मेण फार कमी किंवा फार सुकलेलं असलं की असं होतं. हा दोष भट्टी झाकत नाही.

पायरी ६: भट्टी

खोलीच्या तापमानापासून २५० अंशांपर्यंत मिनिटाला २-३ अंश. २५० ते ४५० मध्ये मेण निघतं, तिथे मिनिटाला १ ते १.५ अंश, आणि ४५० वर तास-दीड तास थांबा. जॉब २५ मिमीपेक्षा जाड असेल तर आणखी हळू. घाई केली की मेणाची वाफ आतून जॉब फोडते; तो तडा पुढे अर्धवट मिटतो आणि बाहेरून दिसत नाही.

पुढे मिनिटाला ५ अंशांनी ११५० पर्यंत, आणि तिथे निर्वातात ३० ते ४५ मिनिटं थांबा. हा थांबा वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण छिद्रं बंद होण्याआधी ऑक्सिजन-कार्बनचा वायू बाहेर पडायला हीच शेवटची संधी. तो आत अडकला की गोल छिद्रं होऊन बसतो.

१३२० अंशांच्या आसपास कोबाल्ट-कार्बाइडचं द्रव तयार होतं. १० टक्क्यांना १४०० ते १४२० वर ४५ ते ६० मिनिटं, २० टक्क्यांना १३५० ते १३८०, ६ टक्क्यांना १४३० ते १४५०. द्रव असताना पूर्ण निर्वात नको, कोबाल्ट पृष्ठभागावरून उडतो. १० ते ५० मिलिबार आर्गॉन सोडा. शेवटी ५० ते १०० बार आर्गॉनचा दाब देणारी सिंटर-हिप भट्टी मिळत असेल तर धक्क्याच्या जॉबसाठी तिचे पैसे द्यावेत. छिद्रं मिटतात, टीआरएसचा फैलाव आवळतो. पण वायू अडकलेला किंवा ईटा झालेला माल सिंटर-हिपने चिवट होत नाही.

वीज गेली आणि भट्टी १३०० च्या वर होती, तर परत तापवल्यावर दाणा वाढतो. त्या हीटचा माल वेगळा ठेवा, कठीणपणा आणि चुंबकीय कोएर्सिव्हिटी (चुंबकत्व घालवायला लागणारं उलटं चुंबकीय क्षेत्र) चांगल्या लॉटशी ताडून बघा. कोएर्सिव्हिटी घसरली म्हणजे दाणा मोठा झाला.

स्वीकारण्याची कसोटी: १० टक्क्यांना घनता १४.४५ ते १४.५५, आयएसओ ४४९९-४ (आधीचा आयएसओ ४५०५) प्रमाणे छिद्रं ए०२ बी०० सी०० (ए म्हणजे बारीक छिद्रं, बी मोठी, सी सुटा कार्बन). ब्लँक बाहेरून घेत असाल तर पुरवठादाराकडून घनता, एचव्ही ३०, पामक्विस्ट, चुंबकीय संपृक्तता आणि छिद्रांचा दर्जा हे पाच आकडे लॉटगणिक लिहून घ्या. 'टफ ग्रेड' हा शब्द आकडा नव्हे.

पायरी ७: चांगला ब्लँक मशिनवर बिघडवू नका

रेझिन बाँडची डायमंड व्हील, वेग सेकंदाला २० ते २५ मीटर, रफला एका वेळी ०.०१ ते ०.०२ मिमी, भरपूर कूलंट. व्हील बोथट होऊन जळका वास आला की पृष्ठभागावर बारीक तड्यांचं जाळं झालंच समजा. कूलंट कोबाल्ट न विरघळवणारं हवं. साधं सोल्युबल ऑइल पृष्ठभागाचा कोबाल्ट धुऊन नेतं आणि उरतो नुसता दाण्यांचा सांगाडा.

वायरकट आणि स्पार्कमध्ये वितळून परत थिजलेला थर तयार होतो, त्यात सूक्ष्म तडे असतात. एक रफ कट आणि निदान तीन स्किम कट (हलके शेवटचे कट) घ्या, मग डायमंड लॅपिंगने २० ते ५० मायक्रॉन काढा. पाण्यावरच्या वायरकटमध्ये अँटी-इलेक्ट्रोलिसिस जनरेटर नसेल तर जॉब रात्रभर टाकीत बुडवून ठेवू नका, कोबाल्ट गळतो. आतल्या प्रत्येक कोपऱ्याला किमान ०.५ मिमी त्रिज्या, जमेल तिथे १. धार मोडायला ०.०५ मिमीचं होनिंगही पुष्कळ काम करतं.

पायरी ८: केसिंगने दाबून धरा

कार्बाइड दाबाखाली भक्कम, ताणाखाली दुबळं. म्हणून हेडिंग डायला बाहेरून स्टीलने आवळावं लागतं. इंटरफेरन्स, म्हणजे आतला कार्बाइडचा इन्सर्ट केसिंगच्या भोकापेक्षा जितका मोठा ठेवायचा तो फरक, साधारण व्यासाच्या ०.२ ते ०.३ टक्के. ४० मिमीच्या इन्सर्टला ०.१० मिमी धरू. केसिंग खोलीच्या तापमानापेक्षा ३७० अंशांनी गरम केलं तर स्टील त्या व्यासावर सुमारे ०.१७ मिमी फुगतं, म्हणजे ०.०७ मिमी मोकळी जागा. इन्सर्ट थंडच, एका झटक्यात सोडा. तापमान केसिंगच्या टेंपरिंगच्या तापमानाच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर स्टील मऊ पडतं आणि पकड महिन्याभरात ढिली होते. बसवण्याआधी टेपर ०.०१ मिमीच्या आत आहे का ते बघा. एका टोकाला सैल इन्सर्ट त्याच टोकाला फुटतो.

घासताना उडणाऱ्या धुळीबद्दल दोन ओळी. कोबाल्ट आणि टंगस्टन कार्बाइडची एकत्र धूळ फुप्फुसाचा कायमचा आजार देते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती मनुष्याला बहुधा कर्करोगकारक या गटात ठेवली आहे. कोरडं घासणं बंद, सक्शन व्हीलच्या तोंडाशी, फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मिलिंगला हेक्सेन असेल तर मोटर ठिणगीविरहित हवी, आणि नुसती उघडी खिडकी पुरेशी नाही, खेचणारा पंखा हवा.

नवा ग्रेड लावताना सगळ्या डाय एकदम बदलू नका. त्याच मशीनवर, त्याच बोल्टला, जुन्या ग्रेडच्या तीन आणि नव्या ग्रेडच्या तीन आलटून पालटून चालवा. प्रत्येकीने किती नग दिले आणि ती फुटून गेली की झिजून, हे डायच्या पेटीवरच लिहा.